कुंपणापलीकडचं ऊन

"तुमच्या अंगणात दुपारी पावसाची सर येईल. सर कुंपणाशीच थांबेल," मथुरा तांडेलच्या मनगटावरचा हवामानाचा पट्टा बोलला.

अंगणातल्या दोऱ्यांवर बोंबील टांगले होते, अजून ओलेच. भिजले असते तर सगळे सडले असते. नवरा बोट घेऊन समुद्रात गेलेला. कुंपणापलीकडचं अंगण थोरल्या जावेचं, गुलाबआक्काचं. बोटीच्या वाटणीपासून दोघी बोलत नव्हत्या.

शेवटी मथुराने पहिली टोपली भरली आणि मान खाली घालून जावेचं फाटक उघडलं.

गुलाबने स्वतःचे सुकलेले बोंबील आधीच उतरवले होते. निम्म्या दोऱ्या रिकाम्या होत्या.

"आक्का, माझ्याकडे सर येणार हे तुम्हाला कसं कळलं? पट्टा तर ज्याच्या त्याच्या अंगणाचंच सांगतो."

"आणखी एका अंगणाचं मागून घेता येतं," टोपली हातातून घेत गुलाब म्हणाली. "मी तुझं मागितलंय. वाटणी झाली त्याच दिवशी."

मथुरा दुसरी टोपली आणायला वळली.

सर आली तेव्हा दोघी जावा गुलाबच्या अंगणात उन्हात बसून चहा पीत होत्या आणि मथुराच्या रिकाम्या दोऱ्यांवर पडणारा पाऊस बघत होत्या.