युगांडाचा फळा

गारखेड्यातल्या सत्संग मंडळानं युगांडाच्या एका खेड्यात गरीब पोरांसाठी शाळा बांधून दिली. शाळेला फळाही इथूनच पाठवायचं ठरलं, तेव्हा मंडळाचे सेवेकरी रामहरीभाऊ कोरा फळा आणि देणगीदारांची यादी घेऊन फकिरा पेंटरकडं आले.

दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता फकिरा पन्नाशीत वाचायला शिकला होता. त्यानं वर देवाचं नाव घातलं, खाली ‘सप्रेम भेट’ लिहिलं आणि नावं काढायला घेतली. अर्धा फळा भरला तरी यादी संपेना.

“भाऊ, पोरं कुठं लिहितील?”

“पोरांचं पोरं बघतील. तू ऑइलपेंटनं लिही, पुसायला नको. लोकांनी काय गुप्तदान केलंय व्हय?”

संध्याकाळपर्यंत फळा काठोकाठ भरला. त्या दिवसापासून फकिराला घास गोड लागेना.

उद्घाटनाच्या दिवशी मंडळानं मंदिरात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावला. फकिरा मागं उभा राहून बघत होता. तिथल्या बाईंनी फळ्याचं तोंड भिंतीकडं करून तो टांगला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक पोरगी खडूनं अक्षरं गिरवत होती. फकिराचा जीव भांड्यात पडला.

रामहरीभाऊंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी फकिराला जवळ बोलावलं.

“मागं एवढी जागा होती, तर आधी सांगायचं ना रे. इकडं चाळीस जण नाव राहिलं म्हणून रुसून बसलेत.”