गरम खुर्ची

दिवसभर गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून स्वतः उभा राहणारा एक न्हावी होता. संध्याकाळी घरी यायचं, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडायचे आणि आपल्या खुर्चीत रेलायचं, एवढंच त्याचं सुख. पण घरात एकटा असूनही खुर्ची रोज आधीच गरम लागायची!

"ताई, माझ्याआधी कुणीतरी बसून जातं गं."

"मग तू आधी जाऊन बस की, वेड्या!" फोनवर बहीण खिदळली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं. खुर्ची गारढोण होती. पाय बादलीत सोडून तो ऐटीत बसला.

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. बादलीत आणखी दोन पाय शिरले. मांडीवर हळूच वजन टेकलं, आणि त्याच्याच आवाजात कुणीतरी सुस्कारलं, "वा! आज खुर्ची गरम तर आहेच, वर मऊसुद्धा!"