बांधावरचा नमुना

“ज्याला आपल्या मातीतला दगड ओळखता येत नाही, तो नवा महाराष्ट्र काय घडवणार!” साखरखेर्ड्याच्या हायस्कुलात खनिज संपत्तीचा धडा शिकवताना, पुण्याहून नुकतेच आलेले जोगळेकर सर गरजले आणि कमलनं घरून आणलेल्या नमुन्यावर त्यांनी हातोडा हाणला. दगडाचे दोन तुकडे झाले. एका खाचेत काहीतरी लाल दिसलं.

“लोहखनिज!” सर हरखले.

“शेंदूर हाये जी तो,” कमल म्हणाली. “आमच्या बांधावरचा म्हसोबा व्हय. तुम्हीच म्हणले ना, नमुना साफ पाहिजे? म्हणून घासलेटनं धुतला.”

हातोडा सरांच्या पायावर पडला.

मधल्या सुट्टीत बातमी गावात पोचली. सुट्टी संपायच्या आत कमलचे वडील शेषराव आणि काका इंद्रभान वर्गाच्या दारात उभे, मागे निम्मं गाव. सरांनी मनातल्या मनात पुण्याची एसटी धरली.

शेषरावांनी दोन्ही तुकडे उचलून डोळ्यांना लावले. मग एक इंद्रभानच्या हातात ठेवला.

“वाटणी झाल्यापासून आम्ही भाऊ-भाऊ भांडून राह्यलो होतो जी, म्हसोबा कोणाच्या वावरात राहीन म्हणून. असा तोडगा निघते, हे ध्यानातच आलं नाही.”

सर मनातल्या एसटीतून खाली उतरले.

इंद्रभान मात्र दोन्ही तुकडे नजरेनं तोलत होता.

“सर,” तो अदबीनं म्हणाला, “दादाचा जरा मोठा दिसून राह्यला. हातोडा हायेच, तेवढी कड उडवून द्या ना.”