दोन-दोन घागरी

त्या सकाळी आडवेमाळ हाल्टवर अकरा बाया होत्या आणि बावीस घागरी. रोज बाईमागं एकच घागर असायची. पण आज नवं इंजिन यायचं होतं, आणि ते जुन्याच्या दुप्पट ताकदीचं आहे असं ड्रायव्हर मडिवाळप्पानं महिन्यापूर्वी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दुप्पट इंजिन, तर पाणीही दुप्पट. यात चुकण्यासारखं काय होतं?

सोलापूर सोडल्यावर गिरणीची चिमणी जिथून शेवटची दिसते, तिथं हा हाल्ट. गेल्या वर्षापर्यंत इथं एक पाटी आणि एक कडुनिंब, बस्स. दुष्काळ पडला आणि स्टेशनचं नशीब उघडलं. याच बायांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मुरूम वाहिला, फलाट उभा केला. वर पत्र्याची शेड आली. पितळी नळसुद्धा बसला. त्याला पाणी तेवढं यायचं राहिलं होतं.

पाणी द्यायचं ते इंजिन. विहिरीचा तळ होळीच्या आधीच दिसला होता आणि टँकरचा काही भरवसा नव्हता. दुधनीकडं जाणारी सकाळची पॅसेंजर थांबली की फायरमन कोळशावर पाणी मारायची नळी खाली सोडायचा, आणि मडिवाळप्पा तोवर दुसरीकडं बघत बिडी ओढायचा. पाणी कढत असायचं, वर तेलाचा तवंग असायचा. पण पाणी होतं.

रांगेत पहिली गोजरबाई. तिची लेक विजयमाला बाळंत झालेली, आज पाचवी. चार दिवस मायलेकरांना नुसत्या ओल्या फडक्यानं पुसलं होतं. आज तरी दोघांच्या अंगावर पाणी घालायचं, असं तिनं धरून ठेवलं होतं. इंजिनाचं पाणी आयतं तापलेलं, सरपणही लागणार नाही. एक घागर बाळंतिणीला, एक बाळाला.

घागरींशिवाय तिच्या हातात एक भरलेला तांब्या होता. घरातलं शेवटचं पाणी.

"गोजरामावशी, ह्यो कशाला आणला?" तिकिटं देणाऱ्या कुंडलिकनं विचारलं.

"नवा बैल दारात आला की पायावर पाणी घालतो का न्हाय आपण? ह्ये तर आमाला पाजणारं जनावर हाय."

"लेकीला प्यायला तरी ठिवायचं."

"आता दोन घागरी न्हेणार की."

मागं बजाबाईनं उगीच नळ सोडून पाहिला. काही आलं नाही. तिनं तो पुन्हा घट्ट बंद केला.

गाडी आली ती धुराशिवाय आली, त्यामुळे अगदी जवळ येईपर्यंत कुणाला कळलंच नाही. इंजिन लांबलचक, नवंकोरं, घरघरत उभं राहिलं. गोजरबाई फलाटाच्या उतारावरून खाली गेली. तिनं इंजिनाला हळदकुंकू लावलं, चाकावर तांब्या रिता केला आणि हात जोडले. पाणी चाकावरून खाली खडीत गेलं आणि दिसेनासं झालं. ती खडीही तिनंच फोडलेली.

मग तिनं घागरी पुढं मांडल्या. मागच्या दहाजणींनीही मांडल्या.

खिडकीत मडिवाळप्पाच होता, पण ओळखायला वेळ लागला. तोंड काळं नव्हतं, कपडे परटाकडचे. त्यानं घागरींची रांग शेवटपर्यंत पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"नळी सोडा की आप्पा," गोजरबाई म्हणाली.

"नळी न्हाई, अक्का."

"मग कशातनं देणार?"

"ह्येला पाणी लागत न्हाई. तेलावर चालतंय हे."

"तुमी तर म्हणला, दुप्पट हाय."

"ताकद म्हणलो मी."

कुणी भांडलं नाही. भांडायलाही तोंडाला ओल लागते. मडिवाळप्पा आत वळला, दाराला अडकवलेली किंतानाची छागळ काढली आणि खाली उतरून तिच्यापुढं धरली. त्याचं दिवसभराचं पिण्याचं पाणी होतं ते.

गोजरबाईनं मागं पाहिलं. दहाजणी उभ्या होत्या.

"घे तू," बजाबाई म्हणाली. "पाचवी हाय आज."

तिनं तांब्या पुढं केला. छागळ अर्धीच होती. तांब्या काठाला आला तसं तिनं हातानं पुरे म्हटलं आणि उरलेलं त्याला परत दिलं. घरून निघाली तेव्हा होतं तेवढंच पाणी आता तिच्याजवळ होतं.

गार्डानं हिरवं निशाण दाखवलं. नळीसाठी खोळंबायचं नव्हतं, त्यामुळे कितीतरी महिन्यांनी गाडी आडवेमाळहून वेळेवर सुटली.

बाया घागरीत घागर घालून निघाल्या. कुंडलिक वही घेऊन मागोमाग आला. त्यालाही बरं वाटत नव्हतं, पण वरून हुकूम होता.

"मावशी, सायबांनी कळवाय सांगितलंय, नव्या इंजिनाबद्दल लोकांचं काय म्हणणं हाय ते. काय ल्हिवू?"

गोजरबाई थांबली. तांब्यात धूळ जाऊ नये म्हणून तिनं त्यावर पदर ओढला.

"चांगलं हाय म्हणून ल्हिव. लई सुधारलेलं हाय, पाणीच लागत न्हाय." दोन पावलं गेल्यावर ती पुन्हा वळली. "आन म्होरं ल्हिव, आमालाबी तसंच करा म्हणावं."