येते की जाते

गाडी दवाखान्याच्या दारात थांबली. नव्या गाड्यांना आतून कडी नसते; मालकाने तोंडी निरोप घेतला की त्या दार सोडतात. मालकीणबाई, म्हणजे मथुराबाई, रोजच्या सवयीने म्हणाल्या, "येते गं बाई."

"या, बसा," गाडी म्हणाली. दार काही उघडलं नाही.

श्रीपादने कपाळावर हात मारला. जुन्या कुलपाला आईचं 'येते' कळायचं. ते बिघडलं तेव्हा मेकॅनिक कशाला म्हणून भंगारातल्या गाडीचं कुलूप त्याने कालच ऐटीत घरच्या घरी हिला बसवलं होतं.

"आई, 'जाते' म्हण. याला तेवढंच कळतंय, तेही तुझ्याच आवाजात."

"जिभेला काही हाड? तिकडे ह्यांना ऑपरेशनला नेतायत आणि मी 'जाते' म्हणू?"

"मग बाबा तुला न भेटताच आत जातील."

दवाखान्याच्या काचेतून बाबांचं स्ट्रेचर लिफ्टकडे निघालेलं दिसत होतं. श्रीपादने दाराला खांदा मारून पाहिला.

"बसा हो, घाई काय," गाडीने प्रेमाने आग्रह केला.

मथुराबाईंनी पदर सावरला आणि वर बघून त्या म्हणाल्या, "कुणाला न्यायचंच असेल, तर मी जाते. ह्यांना राहू दे."

दार अलगद उघडलं.