चौथ्या खेपेची लाथ

“चौथ्या, शेवटच्या खेपेला दोन यार्ड पळायला हवे होते. फक्त दोन! आणि हा कोचबाबा लाथ घालायला लावून चेंडू समोरच्यांना देऊन टाकतो,” व्हर्न कॉफीच्या कपात बघत कुरकुरला. “तेवढं तर माझी म्हातारीसुद्धा पळाली असती.”

“ती पळेलच. तुझ्यापासून लांब जायला मिळतंय म्हटल्यावर,” डेल्मार म्हणाला.

खिडकीजवळच्या खुर्चीत ओरिन हसला. तोंडाची उजवी बाजू हसली, डावी तशीच राहिली. आर्डिसनं ते पाहून घेतलं आणि मगच दालचिनीचे रोल ताटलीत काढायला वळली.

रविवारची ही दोन तासांची कटकट तिला नवऱ्याच्या औषधाच्या बाटल्यांहून मोलाची होती. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ओरिनची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, माणसांत ठेवा, बोलतं करा, आणि मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. त्या वर्षी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मग एका रविवारी हे दोघे जुने दोस्त कॉलेजच्या फुटबॉल टीमवरून हमरीतुमरीवर आले असताना खुर्चीतून आवाज आला, “गाढव.” कोच रुडेकला उद्देशून होता तो. आर्डिस बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली होती.

तेव्हापासून मोसम सुरू झाला की दोघे दर रविवारी चर्च सुटल्यावर नव्वद मैल गाडी हाकत यायचे, कालच्या सामन्याची हकिकत घेऊन. ओरिन आणि आर्डिस आता मुलीच्या गावी राहत होते, आणि इथे त्या एवढ्याशा कॉलेजचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. ओरिननं मात्र त्याच्या मैदानाच्या कडेला उभं राहून एकतीस वर्षं चार खेपांत दहा यार्ड पुरे झाले का ते मोजायची साखळी धरली होती. पावसात, बर्फात, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

“रुडेकला हाकलला पाहिजे,” व्हर्न म्हणाला.

“आणि आणणार कुणाला? तुला?”

“मी निदान दोन यार्डांसाठी लाथ घालणार नाही.”

“अरे शहाण्या, समोरची पोरं बघितलीस का? एकेक कोठाराच्या दारासारखं. रुडेकनं केलं तेच बरोबर.”

“तुझ्या मते कायमच त्याचं बरोबर. जावई करून घे त्याला!”

भांडणं मात्र खरी होती. मागल्या महिन्यात असल्याच एका लाथेवरून दोघे नव्वद मैल एकमेकांशी न बोलता आले होते, आणि आर्डिसला दाराशीच दोघांची समजूत घालावी लागली होती.

रुडेकचं नाव निघालं की ती गप्प बसायची. गेल्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, कॉलेजच्या गावातल्या जुन्या घराचं कुलूप बघायला गेली असताना तो तिला हार्डवेअरच्या दुकानात भेटला होता. कुंपणाला रंग घेत होता, अगदी निवांत. ओरिनची चौकशी केलीन. भला माणूस. ती घरी येऊन कुणाला काही बोलली नव्हती.

“खरं दुखणं भरतीचं आहे,” डेल्मार म्हणाला. “चांगली पोरंच येत नाहीत आपल्याकडे.”

“टेक्सासमधून आणा म्हणावं.”

“टेक्सासचं पोरगं इथे येईल कशाला? मका बघायला?”

“शेतातली,” ओरिन म्हणाला. शब्द सावकाश आला, पण सबंध आला. “गवताचे भारे… उचलणारी घ्या.”

“बघ! हा बोलला,” व्हर्ननं मांडीवर थाप मारली. “पण रुडेक ऐकेल तर ना. जाऊ दे. हरतोय तेच बरं आहे एका परीनं. जिंकायला लागलो की पेपरवाले येणार, टीव्हीवाले येणार, सतरा भानगडी.”

आर्डिसनं त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. व्हर्ननं घाईनं रोलचा मोठा घास घेतला.

“एक डेकर तेवढा लढला काल,” डेल्मारनं विषय उचलला. “आडवा आला की भिंत. तीनदा पाडलं त्यानं त्यांच्या पोराला. डेकर नसता तर आपण पन्नासनं हरलो असतो.”

“डेकर,” ओरिन म्हणाला.

“डेकर. काय पोरगा आहे!”

“मी आजारी पडलो… तेव्हा डेकर दुसऱ्या वर्षाला होता.”

“हो, तेव्हाच म्हटलं होतं मी, हा पोरगा…”

“त्यानंतर हा पाचवा मोसम.” ओरिननं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली. “म्हणजे सातवं वर्ष. कॉलेजात चारच वर्षं खेळता येतं, डेल्मार.”

डेल्मारचं तोंड उघडं राहिलं. चाळीस वर्षं फुटबॉल पाहिलेला माणूस, तिसरीतल्या पोरासारखा हिशेब चुकला होता.

“गुडघा,” तो कसाबसा म्हणाला. “एक वर्ष बसवला होता त्याला. गुडघ्यामुळे.”

“आणि बाकीची दोन?”

“पोरगा अभ्यासात जरा कच्चा आहे,” व्हर्न म्हणाला.

“ओरिन, कॉफी गार झाली तुझी, दुसरी आणते,” आर्डिस उठली. ताटलीला धक्का लागून चमचा खाली पडला, तो कुणीच उचलला नाही. ओरिननं तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, गेल्या कित्येक महिन्यांत नव्हती इतकी.

“बस,” तो म्हणाला.

ती बसली. आता याचं बोलणं पुन्हा बंद पडणार, एवढंच आर्डिसच्या डोक्यात घुमत होतं.

ओरिननं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग घसा साफ केला आणि शब्दाला शब्द जोडत, एकही न अडखळता म्हणाला, “टीम बंद पडून साडेचार वर्षं झाली. आता सगळे सामने तुम्हीच रचताय, तर दर शनिवारी हरता कशाला?”