घरी कोण कोण?

“आज वार कोणता?” लॉन्ड्रीवाल्या काकांनी दाराच्या काचेवर टकटक करत विचारलं.

“गुरुवार!” आतून ती ओरडली. अंगात जाड स्वेटर, डोक्याला कानटोपी, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक. कपडे वाळवायच्या त्या गरम खोलीत, टांगलेल्या चादरींच्या मधे ती जागच्या जागी धावत होती.

“काम काय करता?”

“चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.”

“घरी कोण कोण?”

“मी आणि आई.”

“उत्तीर्ण,” काका म्हणाले आणि इस्त्रीकडे वळले.

तिला वाळवंटातल्या एका दरीतून शर्यतीत धावायचं होतं. अख्खा दिवस आणि वर रात्र. दोन्ही बाजूंना तापलेले कडे, मधून दगडगोट्यांची वाट, सावली नावालाही नाही. अंगाला उष्णतेची सवय व्हावी म्हणून दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा ती थेट इथं यायची. पहिल्या दिवशी काकांनी तिला वेड्यातच काढलं होतं. लोक उकाड्यातून पळ काढतात आणि ही बया भट्टीत शिरायला परवानगी मागते!

तिनं समजावून सांगितलं होतं. उन्हात आधी पाय जात नाहीत, डोकं जातं. माणूस बरळायला लागतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. म्हणून दरीत जागोजागी डॉक्टर बसतात, साधेसुधे प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की शर्यतीतून बाहेर काढतात. काकांनीही तसंच विचारत राहायचं. “एक जरी उत्तर चुकलं, तर मला ओढून बाहेर काढा. मी काहीही सांगितलं तरी ऐकू नका. मग मी जाणार नाही, हा शब्द.”

वार आणि काम, हे दोन प्रश्न तिचे. तिसरा काकांनी पदरचा घातला. माणूस ठिकाणावर आहे की नाही हे बघायचं तर घरचं नको का विचारायला? तेव्हा ती जरा थांबली होती. मग म्हणाली होती, मी आणि आई.

हळूहळू काकांना या न पाहिलेल्या आईचा लळाच लागला. “आज काय म्हणाल्या आई?” ते विचारायचे. “म्हणाली, गुडघे काय भाड्यानं आणलेत का?” काका पोट धरून हसायचे. एकदा आईनं म्हणे तिच्या धावायच्या बुटांतला एक लपवूनच ठेवला. काकांच्या घरी दोन मुलं, दोन सुना, नातवंडांचा दंगा आणि सकाळी न्हाणीघरापुढे रांग. “तुमच्याकडे किती शांतता असेल,” ते हेव्यानं म्हणायचे.

“फार,” ती म्हणायची.

दर आठवड्याला ती दोन चादरी धुवायला टाकायची. एक चुरगळलेली. दुसरी काकांनी गेल्या खेपेला घातलेल्या घडीतच, जशीच्या तशी. म्हाताऱ्या माणसांना स्वच्छतेचं वेड असतं, असं म्हणत काका तीही धुवून टाकत.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी ती निघणार होती. शेवटचा दिवस, पोरीची तयारी कसून व्हावी, म्हणून काकांनी वाफेची चावी अंमळ जास्तच सोडली होती.

“आज वार कोणता?”

“शुक्रवार.”

“काम काय करता?”

“डोळे तपासते.”

“घरी कोण कोण?”

पावलांचा आवाज थांबला.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

काकांनी चावी बंद केली, दार उघडलं आणि दंडाला धरून तिला मागच्या दाराशी, मोकळ्या हवेत बाकावर आणून बसवलं. तिची सॅक उतरवली, कानटोपी काढली, मानेवर ओला टॉवेल ठेवला.

“उष्णता चढली तुमच्या डोक्यात! सख्ख्या आईला विसरलात? संपलं. उद्या कुठंही जायचं नाही.”

“काका, मी शुद्धीवर आहे.”

“तुम्हीच सांगितलंय, ऐकू नका म्हणून. आईंचा नंबर द्या. मी बोलतो त्यांच्याशी.”

“आई जाऊन वर्ष झालं.”

“बघा, बरळताय!”

तिनं आतल्या फळीकडे मान वळवली. काकांनीही तिकडे पाहिलं. सकाळी तिनं आणून टाकलेल्या दोन चादरी अजून तिथंच होत्या. एक चुरगळलेली. दुसरीवर काकांची घडी, कुठं सुरकुती नाही. त्या चादरीवर कोणी झोपलंच नव्हतं. इतके दिवस ती त्यांच्याच हातांतून जात होती.

काका हळूच बाकावर टेकले.

“मग ते गुडघे, तो बूट?”

“असंच म्हणायची ती, होती तेव्हा.” तिनं बाटली तोंडाला लावली, घोटभर पाणी प्यायली. “घरी गेल्यावर मला कोणी काही विचारत नाही, काका. तुम्ही विचारायचात, तेवढ्यापुरती आई घरी असायची. पण तिला तशीच बसवून गेले असते, तर परत आल्यावर ती पुन्हा एकदा गेली असती.”

काकांनी टॉवेल पुन्हा भिजवला, पिळला आणि तिच्या हातात दिला.

“म्हणजे उत्तर चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “जा तुम्ही उद्या.”

“आज नाही चुकलं,” ती म्हणाली. “चुकीचं उत्तर मी आधी रोज देत होते. बाहेर काढायला हवं होतं, ते तेव्हा.”